थेल्माच्या नावावरची सायकल

हल, सोमवार, ९ मार्च २००९

ती. डग्लसदादास,
सा. न. वि. वि.

तू सायकलवरून विदरन्सीला सुखरूप पोचलास असं तुझ्या शेजारणीने फोन करून कळवलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. अठरा मैल, तेही जुन्या रेल्वेच्या चिखलवाटेने आणि साठीला आलेल्या माणसाने! कीथ मात्र निवांत होता. म्हणाला, पोचेल तो, लाल-पांढऱ्या रग्बी संघाच्या पाठीराख्यांना हरायची सवय असते, थांबायची नसते. हे कौतुकच समज. पश्चिम हलच्या नवऱ्याकडून पूर्वेकडच्या मेहुण्याला याहून जास्त मिळायचं नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवरचे दोन-दोन शब्दांचे निरोप म्हणजे कुणीतरी तोंडावर दार आपटल्यासारखे वाटतात असं तूच म्हणतोस. म्हणून सायकलच्या दुकानात त्या विकणाऱ्या पोरासमोर बोलता आलं नाही ते आता नीट लिहिते.

ही सायकल आमच्या बिस्किट कंपनीने विकत घेतली आहे. वर्षभर माझ्या पगारातून, कर कापायच्या आधीच, दरमहा थोडे पैसे वळते होतील. कर त्यामुळे कमी बसतो आणि सायकल स्वस्तात पडते. पण वर्ष संपेपर्यंत मालकी कंपनीची, आणि ती मी मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठीच वापरीन असं मी सही करून दिलं आहे. मी! जिला आयुष्यात कधी सायकल चालवता आली नाही!

तुझ्या टोमॅटोच्या काचघरवाल्यांकडून तुलाच ही सवलत मिळाली असती तर प्रश्न नव्हता. पण तू एजन्सीचा हंगामी माणूस, पगार कायद्याने ठरवलेला कमीत कमी, आणि त्याच्याखाली कपात चालत नाही. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही आणि ज्याला सहाच्या पाळीला पोचवणारी बस नाही, नेमकं त्यालाच हे मिळत नाही. कॅरव्हॅनचा कारखाना बंद पडल्यावर तू गाडी विकलीस तेव्हाच मी ठरवलं होतं, की आता हा माणूस घरात भिंतीकडे बघत बसता कामा नये. जोनवहिनी गेल्यानंतरचा तो हिवाळा मला पुन्हा बघायचा नाही.

तेव्हा सायकल तुझी. मी दिलेला शब्द मागे घेणार नाही. एकच गोष्ट टोचते. गेल्या वर्षी भांडारातल्या ट्रेवरचा अर्ज मी परत पाठवला होता. सायकल पोरासाठी हवी आहे हे तो बोलता बोलता बोलून गेला, आणि मी त्याला नियम वाचून दाखवला, आमच्या सगळ्या पगार विभागाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आता कुणाला हे कळलं तर मला तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नोकरीचं तर सोडूनच दे. म्हणून कुणाला बोलू नकोस.

ब्रेक ओले असतील तर उतारावर जपून. लोभ असू दे, आणि टायरमध्ये हवाही.

तुझी
थेल्मा

———

विदरन्सी, रविवार, २२ मार्च २००९

चि. सौ. थेल्मास,
अनेक आशीर्वाद, आणि कीथला त्यातले उरतील तेवढे.

आजवर एकदाही उशीर झालेला नाही, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील. अंधार असतानाच निघतो. दीपस्तंभाच्या गल्लीतून बाहेर पडलं की समुद्राचा वारा पाठीत बसतो आणि पॅट्रिंग्टनपर्यंत मला जवळजवळ फुकट नेतो. येताना तोच वारा छाताडावर बसून सगळं वसूल करतो. काचघरात शिरलं की ऊब आणि टोमॅटोच्या पानांचा वास. कॅरव्हॅनच्या कारखान्यात एवढी वर्षं गोंद हुंगला, त्यानंतर हे म्हणजे मला आजारी रजेवर असल्यासारखं वाटतं.

उन्हाळा संपेपर्यंत वेळ पाळली तर एजन्सीतून काढून थेट कंपनीत कायम करतील, असं पर्यवेक्षक म्हणाला. त्याआधी एकदाही उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी यायची गरज नाही, असंही म्हणाला. दोन्ही वाक्यं त्याने त्याच चेहऱ्याने सांगितली.

आता तुझ्या सायकलविषयी. दुकानातल्या त्या पोराला संशय येऊ नये म्हणून तू बायकांची, मधली दांडी नसलेली, फिकट हिरवी आणि पुढे वेताची टोपली असलेली निवडलीस, हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. पहिल्या दिवशी मी ती फाटकातून आत आणली आणि टोमॅटो तोडणाऱ्या सगळ्या बायका काम टाकून बघत राहिल्या. त्यातल्या पोलंडच्या बायका मला आता बाईसाहेब म्हणतात. दानुता नावाची एक आहे, रांगेतली मुख्य, ती तर रोज सकाळी विचारते, बाईसाहेब आज बाजाराला निघाल्या का. सीट इतकी वर केली आहे की दुरून मी जिराफावर बसल्यासारखा दिसत असेन. पण टोपली कामाची निघाली. तडकलेले टोमॅटो घरी न्यायची परवानगी आहे. सोबत पाठवतोय त्या बाटलीतली चटणी मीच केली आहे. जोनच्या हातची नाही, पण खाऊन कुणी मेलेलं नाही.

सायकल येत नाही म्हणून तू रडतेस, पण मला आठवतं ते असं, की तुला शिकवायला घेतलं की तू दांडीवर चढून बसायचीस आणि म्हणायचीस, चल. आयतं बसायची सवय. घंटी मात्र तूच वाजवायचीस.

ट्रेवरचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या भावाला काम आहे, हेही त्याच पारड्यात टाक.

काळजी कमी कर, पत्रं वाढव.

तुझा दादा,
डग्लस

———

हल, सोमवार, ४ मे २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज सार्वजनिक सुट्टी आहे, पाऊस आहे, कीथ टीव्हीसमोर झोपला आहे, आणि मी स्वयंपाकघरात दार लावून हे लिहिते आहे.

आमच्या कर्मचारी विभागात बेथनी म्हणून नवी मुलगी आली आहे. सव्वीस-सत्तावीसची, हसरी, सगळ्यांचं भलं करायला निघालेली. अशा माणसांची मला भीतीच वाटते. तिने काय काढलं आहे ऐक. जूनमध्ये सायकल सप्ताह असतो. त्या सप्ताहातल्या गुरुवारी, योजनेतून सायकल घेतलेल्या सगळ्यांनी सकाळी सायकलवरूनच कामावर यायचं. फाटकाशी मॅनेजर स्वतः उभा राहणार, आवारात बेकनचा पाव आणि चहा, आणि कंपनीच्या पत्रिकेसाठी फोटो. सूचना फलकावर लागली आहे. त्यात माझं नाव आहे, आणि पुढे हाताने उद्गारचिन्ह काढलं आहे. पगार विभागातली थेल्मा सायकलवरून येते याचा तिला भयंकर आनंद झाला आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिने मला जिन्यात गाठून विचारलं, की तुमची सायकल मला शेडमध्ये कधी दिसत नाही, कुठे लावता. आणि दादा, मी म्हणाले, मागच्या बाजूला, बॉयलरच्या भिंतीशी, तिथे पाऊस लागत नाही. हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच दचकले. ट्रेवर जिन्यात खोकी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. नुसता माझ्याकडे बघून वर गेला.

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. सगळं खरं सांगून टाकावं, तर सायकल ताबडतोब परत मागतील, कारण ती त्यांची आहे. मग तू कामावर कसा जाणार? न सांगावं, तर त्या गुरुवारी मी काय करणार? कीथ म्हणतो, त्या दिवशी आजारी पड. पण मी आजवर खोटी रजा घेतलेली नाही. लोकांच्या खोट्या रजा मीच तर पकडते!

तू सायकल परत आणायची नाहीस. हे तुला अडचणीत टाकायला लिहीत नाहीये. फक्त कुणालातरी सांगायचं होतं. कीथ ऐकतो, पण रग्बीच्या मध्यंतरापुरतं.

टोमॅटोच्या चटणीची बाटली संपली. म्हणजे बरी होती.

तुझी
थेल्मा

———

विदरन्सी, शुक्रवार, ८ मे २००९

चि. सौ. थेल्मास,
आशीर्वाद आहेतच, आज थोडं रागावणंही आहे.

कुणालातरी सांगायचं होतं म्हणतेस, आणि लगेच सायकल आणू नकोस म्हणतेस. असं पत्र वाचून मी काय गप्प बसणार? परवा रविवारी मी सायकल घेऊन येतोय. जेवायला असेन. येताना चालवत आणीन, जाताना बसने जाईन. वाद घालू नकोस. तसाही मला ऐकू येत नाही.

माझ्या कामाची चिंता करू नकोस. सोय झाली आहे. कशी ते सांगत बसत नाही, लांबड होईल.

तुझ्याकडे जवळजवळ सहा आठवडे आहेत. पोरं एका दुपारी शिकतात. तू पोर नाहीस, तेव्हा जरा जास्त लागतील. आता मी सांगतो तसं कर. दोन्ही पॅडलं काढून टाक. डावं पॅडल उलट्या बाजूने सुटतं हे कीथला आधी सांग, नाहीतर तो जोर लावून आटे घालवेल आणि वर मला शिव्या देईल. सीट पार खाली घे, दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत. मग बसून नुसती पायांनी ढकलत जा. बदकासारखी दिसशील. दिसू दे. चार-पाच ढांगांनंतर पाय उचलून बघ. ज्या दिवशी पाय उचलून दहा यार्ड जाशील त्या दिवशी पॅडलं लाव, त्याआधी नाही.

आणि पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. खांबाकडे बघितलंस तर खांबावरच जाशील. जिथे जायचं तिकडे बघ.

खोटं बोललीस त्याचं काय करायचं, ते सायकल यायला लागल्यावर ठरव. आधी चाकं, मग सदसद्विवेक.

दादा

———

हल, सोमवार, २५ मे २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि ढोपराचा दंडवत.

आज पुन्हा सार्वजनिक सुट्टी, आज पुन्हा पाऊस, पण आज मी झोपलेल्या कीथकडे बघून हसू शकते. दादा, मी पाय उचलले!

चर्चच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे ना, तिथे संध्याकाळी जातो, सगळे जेवायला घरी गेले की. पहिला आठवडा अगदी तू म्हणालास तसा बदकाचा. कीथ बाकावर बसून चिप्स खायचा आणि माझी चाल पाहून तिखट मसाला नाकात जाऊन ठसकायचा. मग एकदा पाद्रीबाई बाहेर आल्या आणि काय चाललंय विचारलं. कीथ म्हणाला, ही माझी बायको, हिला रविवारच्या प्रवचनाला वेळेवर पोचायचं आहे. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करते म्हणून सांगितलं, आणि वर असंही, की फुलांच्या वाफ्यापासून जरा लांब.

वाफ्यात मी दोनदा गेले. कारण वाफ्याकडे बघत होते. तू म्हणालास तसंच.

शनिवारी पॅडलं लावली. कीथने सीट मागून धरली होती आणि मागून सारखा बोलत होता, पाठ ताठ ठेव, खांदे सैल सोड, तू ओव्हनमधून ट्रे काढत नाहीयेस. मग त्याचं बोलणं लांबून यायला लागलं. मागे वळून बघितलं तर तो बाकाशीच उभा होता. अर्थात मी पडले. ढोपर फुटलं. पण पडायच्या आधी मी एकटी होते, चालत होते, आणि कानावरून वारा जात होता. छप्पन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की त्याचा आवाज येतो.

तू कामावर वेळेवर पोचतोस ना? सोय झाली म्हणालास ती कसली? पायी जात असशील तर खरं सांग. मला तेवढीच एक धास्ती आहे. गुरुवार उरकला की दुसऱ्या दिवशी कीथ सायकल व्हॅनमधून आणून देईल, हे नक्की धर.

तुझी
थेल्मा (दोनचाकी)

———

विदरन्सी, सोमवार, १ जून २००९

चि. सौ. थेल्मास,
आशीर्वाद. ढोपराला आयोडीन लाव, कीथच्या सल्ल्याने बिअर नको.

तुझं पत्र मी डबा खाताना वाचलं आणि एकटाच हसलो, तेव्हा आजूबाजूला सगळ्यांना सांगावं लागलं. पोलंडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता थांबताना दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, आधी मागचा किंचित. आणि रस्त्यावर पहिल्यांदा जाशील ती रविवारी सकाळी जा, गाड्या नसतात.

पायी जात नाही. एवढा धर्मात्मा मी नाही. दानुताचं लिहिलं होतं मागे, तिची जुनी गाडी आहे, ती माझ्या कोपऱ्यावरूनच जाते. एप्रिलमध्ये पंक्चर झालं तेव्हा तिने सायकल मागच्या सीटवर कोंबून मला पोचवलं होतं. आता रोजच थांबते. पेट्रोलचे पैसे घेत नाही, म्हणून मी तिच्या गाडीचा सायलेन्सर बांधून दिला.

एक गंमत सांगतो. माझं ऐकणं तुला माहीत आहे. दुकानात, डॉक्टरकडे, तुझ्याकडे जेवताना, निम्मं मी अंदाजाने हसतो. पण दानुता इंग्रजी उशिरा शिकली, म्हणून ती प्रत्येक शब्द सावकाश, खणखणीत आणि सुटा सुटा उच्चारते, माझ्याकडे तोंड करून. तिचं मला सगळं ऐकू येतं. शेवटच्या शब्दापर्यंत. गाडी चालवताना ती माझ्याकडे तोंड करते हे बरं नाही म्हणा, पण रस्ता सरळ आहे.

तर सायकलीची घाई करू नकोस. तुझा गुरुवार नीट होऊ दे.

दादा

———

हल, शुक्रवार, १९ जून २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल झालं एकदाचं. आता बसून सगळं सांगते.

पहाटे उठून बघितलं तर ऊन. निम्म्या वाटेपर्यंत कीथ मागून व्हॅन हळूहळू चालवत येत होता, मी राणी असल्यासारखा. मग मी त्याला हाताने जा म्हणून खुणावलं. एक हात सोडून, दादा! पुलाच्या चढावर उतरून ढकलत नेली, उतारावर बसले. फाटकाशी खरंच मॅनेजर उभा होता. मला वाटलं होतं दहा-पंधरा जण असतील. आम्ही पाच जण होतो. बाकीच्यांच्या सायकली कुठे आहेत असं कुणी विचारलं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. मग मला कळलं की या कंपनीत रात्री छताकडे बघत पडणारी मी एकटीच नसणार.

फोटो काढला. मी पाव खाल्ला, बेकनची चव लागली नाही. मग बेथनीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सायकल येत नव्हती, भावासाठी घेतली होती, बॉयलरच्या भिंतीशी कधी काही नव्हतं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता वरच्या मजल्यावर बोलावणार. तिने विचारलं काय, तर, मग आज इथपर्यंत आलात कशा. म्हटलं, शिकले. कधी? गेल्या महिन्यात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दादा. हल्लीच्या मुलांना कशाने रडू येईल सांगता येत नाही. ती म्हणाली, वर्ष अजून बरंच शिल्लक आहे. इथून पुढे सायकल मुख्यतः तुम्हीच कामावर यायला वापरली तर सगळं नियमातच आहे. नसेल जमत तर सायकल इथे जमा करावी लागेल. काय ते उन्हाळी सुट्ट्यांच्या आत ठरवा, म्हणाली, तोवर मी विचारणार नाही.

मग भांडारात गेले. ट्रेवरची माफी मागितली, त्याच्या सहकाऱ्यांसमोर, कारण त्याचा अपमानही मी सगळ्यांसमोर केला होता. तो म्हणाला, ते कधीच विसरलो, पोराने सायकलीऐवजी ड्रम घेतले आणि आता तुम्हाला शिव्या घालायचं तेवढं एकच कारण आहे.

घरी आले आणि दिवाणावर आडवी झाले ती सरळ सकाळीच उठले. किती आठवड्यांनी!

पण आता तुझं काय करायचं ते राहिलं. शब्द दिला आहे तो दिला आहे. तुला सायकल हवी असेल तर ती जमा करू देणार नाही. योजनेतून मोकळं होऊन राहिलेले पैसे भरता येतात का ते बघते. तू सांग.

तुझी
थेल्मा

———

विदरन्सी, बुधवार, २४ जून २००९

चि. सौ. थेल्मास,
अनेक आशीर्वाद, पुलाच्या उताराबद्दल एक जास्तीचा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ट्रेवरकडे गेलीस हे सायकल शिकण्यापेक्षा अवघड होतं. आपल्या आईला फार आवडलं असतं.

सायकलचं तू म्हणशील तसं. तू माझ्यासाठी एवढं केलंस, पगार कापून घेतलास, तेव्हा मी नको कसं म्हणू? आणि पैसे भरायचं तर मुळीच नाव काढू नकोस. तुला जड जात असेल तर मी घेऊन जातो. म्हणजे मला अगदीच निकड आहे असं नाही. पण आहेही. तुझं मन मोडायचं नाही. तूच ठरव.

हवा छान आहे. समुद्र या आठवड्यात निळा आहे, तपकिरी नाही. लोक मुद्दाम बघायला जातात.

दादा

———

हल, रविवार, ५ जुलै २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं. कीथ म्हणाला, अगं तुझा भाऊ आहे, न्यायाधीश नाही.

तुझं मागचं पत्र वाचून मला काही कळेना. निकड नाही, आहेही. तू माझ्यासाठी तोंड दाबून बसला आहेस हे दिसतं. पावसाळी सकाळी त्या दानुताबाईंची गाडी बंद पडली तर तुझी नोकरी जाईल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून सायकल द्यायलाच हवी. आणि दादा, मला ती द्यायची नाहीये.

आता लिहून टाकलं. बेथनीने सांगितलं म्हणून मी रोज चालवते असं सगळ्यांना सांगते, पण ते खरं कारण नाही. मी आता बसने जातच नाही. नदीच्या कडेने लांबून जाते, खाजणावरचे पक्षी बघत. टोपलीत डबा, छत्री, आणि येताना गरम पॅटी. पगार विभागात पोचते तेव्हा गाल लाल असतात आणि कुणावर ओरडावंसं वाटत नाही. सगळे त्यामुळे घाबरले आहेत. काल चढावर उतरले नाही. त्या सहीच्या कागदावर जे खोटं लिहिलं होतं ते एक-एक दिवसाने खरं होत चाललं आहे, आणि मला ते पूर्ण खरं होऊ द्यायचं आहे.

हा स्वार्थ आहे. सायकल तुझ्यासाठी घेतली होती. म्हणून तुला विचारते: मी आणि कीथने मिळून तुला जुनी, वापरलेली पण दणकट, दांडीवाली, पुरुषांची घेऊन दिली तर तू रागावशील का? रागावलास तर हिरवी तुझी. नंतर मागणार नाही.

उत्तर लवकर पाठव, कारण तोवर मला रोज चालवताना चोरी केल्यासारखं वाटतं.

लोभ कमी करू नकोस.

तुझी
थेल्मा

———

विदरन्सी, रविवार, ५ जुलै २००९

चि. सौ. थेल्मास,
अनेक आशीर्वाद, आणि थोडी क्षमा.

मागचं पत्र टाकलं आणि पेटीतून परत काढता येतं का बघत उभा राहिलो. किती बावळट पत्र होतं ते. दानुताला दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या बहिणीला यातून काय कळणार, तू हो म्हणतोस का नाही? तिच्या देशात लोक पत्रात जे हवं ते लिहितात म्हणे. तर आता लिहितो.

थेल्मा, मला सायकल नको.

तू तुझ्या पगारातून कापून दिलेली वस्तू नको म्हणायला जीभ रेटत नव्हती. दोन महिने तिनेच मला वेळेवर पोचवलं, तिच्यामुळेच मी टिकलो. त्या टोपलीची थट्टा झाली नसती तर दानुता माझ्याशी बोललीही नसती. पण आता मी पहाटे कोपऱ्यावर उभा असतो आणि दुरून तो सायलेन्सर ऐकू येतो. मी बांधलेला असूनही! मी गाडीत बसतो, ती मला कालचं सगळं सांगते आणि मला ते सगळं कळतं. परतीच्या वाटेवर आता मी बोलतो. घरी आल्यावर घर पूर्वीइतकं मोठं वाटत नाही. सायकल परत आली तर मी कोणत्या तोंडाने तिच्या गाडीत बसू? एक माणूस किती दिवस पंक्चरचं निमित्त सांगेल?

तुला ती सायकल आवडायला लागली आहे असा मला दाट संशय आहे. पुलाच्या उताराचं तू आनंद लपवल्यासारखं एका ओळीत लिहिलंस आणि बाकी सगळं पानभर, तेव्हाच ओळखलं. ठेव ती. सीट तुझ्या मापाला आणून आता दोन महिने होत आले, ती माझी कधी नव्हतीच.

दुसरी बातमी. शुक्रवारी पर्यवेक्षकाने बोलावलं. तोच चेहरा. मला वाटलं, गेली. पण उन्हाळा संपायची वाटही न बघता त्याने मला कायम केलं आहे. मग ऑफिसातल्या मुलीने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला, इथे सही, इथे सही, आणि शेवटी हसून म्हणाली, आता तुम्ही कायम झालात, पगारही वाढला, तेव्हा पगारातून सायकल घ्यायची सोयही तुम्हाला लागू आहे, देऊ का अर्ज?

मी म्हटलं, नको, पोरी. आमच्या घरात एक आहे.

पुढच्या रविवारी जेवायला येतो. गाडीतून, दोघं. बीफचा तुकडा जरा मोठा घे. आणि कीथला सांगून ठेव, तिच्याशी ओरडून बोलायचं नाही, तिला नीट ऐकू येतं. ओरडायचंच असेल तर माझ्याशी.

तुझा
दादा